रानाला हाक घालणारा

हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊं नावाचा रम्य प्रदेश आहे. वर देवदाराची आणि ओकची वने, खाली साल वृक्षांचे घनदाट अरण्य आणि त्यांच्या मधून खळाळत वाहणाऱ्या नद्या असे त्याचे रूप आहे. दिवसा हे अरण्य शांत भासते. परंतु सूर्य मावळला की ते बोलू लागते. कोठे सांबराचा घोगरा इशारा उमटतो, कोठे भेकर कुत्र्यासारखे भुंकते, तर कधी दूरच्या दरीतून वाघाची खर्जातली हाक घुमत येते आणि सारे रान क्षणभर श्वास रोखून धरते. अरण्याची ही भाषा ज्यांना मातृभाषेइतकी अवगत होती, असे एक थोर पुरुष या प्रदेशात होऊन गेले. त्यांचे नाव जिम कॉर्बेट.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट हे त्यांचे संपूर्ण नाव. त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट हे तेथील पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. त्यातच १८८१ मध्ये वडिलांचे निधन झाले. जिम तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. संसाराचा सारा भार आई मेरी जेन आणि थोरला भाऊ टॉम यांच्यावर पडला. उन्हाळ्यात हे कुटुंब नैनीतालला राही आणि थंडी पडू लागली की डोंगर उतरून कालाढूंगी या गावी येई. कालाढूंगीच्या घराभोवती अरण्यच अरण्य होते. त्या अरण्याच्या शाळेत जिमचे खरे शिक्षण झाले.

या शिक्षणाचा पहिला धडा भीतीने दिला. डान्से नावाचे एक आयरिश गृहस्थ संध्याकाळच्या वेळी मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगत असत. रानात हिंडणारी आणि किंकाळ्या फोडणारी एक हडळ हा त्यांचा आवडता विषय होता. वारा सुटला की रानातून खरोखरच तशी किंकाळी ऐकू येई आणि जिमच्या पाचावर धारण बसे. कित्येकदा तो त्या आवाजापासून जीव घेऊन पळाला. पण एके दिवशी त्याने मनाचा हिय्या केला आणि आवाज आला त्या दिशेने तो पावले टाकू लागला. पाहतो तो काय! एक वृक्ष दुसऱ्या वृक्षावर कलला होता आणि वाऱ्याबरोबर त्याचे खोड दुसऱ्यावर घासून तो भयंकर आवाज निघत होता. घासून घासून तेथील लाकूड गुळगुळीत झाले होते. त्या दिवशी हडळ कायमची नाहीशी झाली. रानातील प्रत्येक आवाजाला काही ना काही कारण असते, ते शोधून काढावे म्हणजे भीती उरत नाही, ही गोष्ट त्या बालमनावर कोरली गेली.

पुढे त्याच्या हाती बेचकी आली आणि नंतर एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक आली. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला होता. पण त्या मुलाला ती राजवैभवाहून अधिक मोलाची वाटली. जवळच्या चांदनी चौक गावचा मुखिया कुंवरसिंग हा त्याचा गुरू झाला. कुंवरसिंग चोरून शिकार करी, हे खरे. पण रानाचे ज्ञान त्याच्याइतके क्वचितच कोणाला असेल. ओल्या मातीवरचा माग कसा वाचावा, वाऱ्याची दिशा कशी ओळखावी, पाऊल न वाजवता कसे चालावे, हे जिम त्याच्याकडून शिकला. एकदा रानकोंबड्यांच्या मागे सरपटत जिम बोरीच्या एका झुडपापाशी पोचला. इतक्यात झुडूप हलले आणि दुसऱ्या बाजूने एक वाघ बाहेर पडला. त्याने मागे वळून त्या चिमुरड्या शिकाऱ्याकडे निरखून पाहिले आणि तो संथपणे चालता झाला. विनाकारण कोणाच्या वाटेस न जाण्याची वाघाची ही रीत जिम पुढे आयुष्यात कधी विसरला नाही.

रानातील प्राण्यांचे आवाज म्हणजे निरर्थक कोलाहल नव्हे. हिंस्र पशू दिसताच चितळ, सांबर, भेकर, वानर आणि मोर हे सारे आपापल्या परीने धोक्याची सूचना देतात. हा इशारा एकाने दिला तरी तो सर्वांच्या उपयोगी पडतो. उंच फांदीवरचे वानर ओरडले की खाली चरणारे चितळ मान वर करतात. इशारा एकाच जागेवरून येत राहिला तर शत्रू तेथेच थांबला आहे आणि तो पुढे पुढे सरकत गेला तर शत्रू चालू लागला आहे, असे जाणत्याला समजते. अशा रीतीने नुसत्या कानांच्या बळावर, प्रत्यक्ष न दिसणाऱ्या वाघाची वाट मनात रेखता येते. या ऐकण्यात नकलेचाही धोका असतो. शेपटीला दोन लांब पिसे असणारा भृंगराज नावाचा कोतवाल पक्षी इतर पाखरांच्याच काय, पण चितळाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. तेव्हा ऐकणाऱ्याने कानांवर विसंबावे. पण खात्री करून घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नये, असा हा अभ्यास आहे.

जिमने हा अभ्यास इतका केला की तो स्वतःच त्या भाषेत बोलू लागला. बिबळ्याची करवतीसारखी घरघर आणि वाघाची गंभीर हाक तो गळ्यातून अशी काढी की प्रत्यक्ष वाघ-बिबळेही फसत. विणीचा काळ आला की वाघ व वाघीण हाका घालून एकमेकांचा शोध घेतात. अशा वेळी माणसाने हाकेला योग्य प्रकारे ओ दिली, तर वाघ आपण होऊन त्याच्याकडे चालत येतो. परंतु ही विद्या दुधारी आहे. हाक घालणे आपल्या हाती असले, तरी तिला ओ कोण देईल हे आपल्या हाती नसते. ज्याला बोलवावे त्याच्या ऐवजी भलताच पाहुणा येण्याचा संभव असतो आणि ज्याला बोलावले तो आला, तरी तो भक्ष्य म्हणून येत नाही, रानाचा राजा म्हणून येतो.

तरुणपणी कॉर्बेट यांना रानापासून दूर जावे लागले. घरच्या अडचणींमुळे शिक्षण सोडून त्यांनी रेल्वेची नोकरी पत्करली आणि पुढे गंगातीरावरील मोकामा घाट येथे माल चढविण्या-उतरविण्याचे कंत्राट घेतले. तेथे रुंद मार्गावरील माल नदीपलीकडच्या अरुंद मार्गासाठी हलवावा लागे. हे कष्टाचे काम त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मजुरांच्या खांद्याला खांदा लावून केले. पहिल्या महायुद्धात कुमाऊंच्या पाचशे जवानांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले. परंतु या साऱ्या काळात कुमाऊंच्या डोंगरांतून आलेली हाक त्यांनी कधीही नाकारली नाही. कारण ती संकटात सापडलेल्या माणसांची हाक होती.

त्या काळी काही वाघ व बिबळे नरभक्षक बनले होते. चंपावतच्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसे मारल्याची नोंद होती. गावेच्या गावे दारे बंद करून बसली होती. शेतात पीक उभे असूनही ते कापण्यास कोणी धजत नव्हते. १९०७ मध्ये कॉर्बेट यांनी गावकऱ्यांच्या साहाय्याने त्या वाघिणीचा अंत केला. अशा कामगिरीवर निघताना त्यांच्या दोन अटी असत. सरकारने लावलेले बक्षीस रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. पैशासाठी प्राण्याचा जीव घेणे त्यांना मान्य नव्हते आणि गर्दीत चुकीच्या प्राण्याला किंवा माणसाला गोळी लागण्याची भीती त्यांना वाटत असे.

चुकीचा प्राणी समोर येणे ही रानातील नित्याची गोष्ट आहे. १९१० मध्ये देवीधुरा येथे कॉर्बेट एका मारलेल्या गाईजवळ झाडावर बसून वाघाची वाट पाहत होते. वाघ आला, पण त्याच्या मागोमाग वासाचा माग काढीत एक प्रचंड हिमालयी अस्वलही तेथे येऊन थडकले. दोघांची जुंपली. त्या अंगावर शहारे आणणाऱ्या झुंजीत अखेर वाघानेच माघार घेतली. चौगढच्या प्रसंगी तर नरभक्षक वाघिणीबरोबर तिचे वाढलेले पिल्लू हिंडत होते आणि कॉर्बेटांच्या गोळीने आधी ते पिल्लूच मारले गेले. मूळ वाघीण त्यानंतरही माणसे मारीत राहिली. तिचा शेवट ११ एप्रिल १९३० रोजी झाला. इतका निष्णात शिकारीही जेथे फसू शकतो, तेथे इतरांची काय कथा!

रुद्रप्रयागचा बिबळ्या हा कॉर्बेटांच्या आयुष्यातील सर्वांत धूर्त शत्रू. केदारनाथ व बद्रीनाथ यांच्या यात्रामार्गावर त्याने १९१८ पासून आठ वर्षे धुमाकूळ घातला आणि १२५ माणसांचा बळी घेतला. रात्र पडली की यात्रेकरू जीव मुठीत धरून बसत. एका रात्री हा बिबळ्या डोंगरावर मादीसाठी हाका घालीत असल्याचे कॉर्बेटांनी ओळखले आणि त्यांनी मादीच्या आवाजात उत्तर दिले. बिबळ्या फसला. हाकेला हाक देत तो जवळ जवळ येऊ लागला. आता आणखी थोडे अंतर उरले, तोच डोंगरावरून खऱ्या मादीची हाक आली. कॉर्बेटांनी जिला बोलावले नव्हते तीच नेमक्या वेळी बोलली आणि बिबळ्या तिच्याकडे निघून गेला. हातातोंडाशी आलेली संधी गेली. पण कॉर्बेटांनी रानाला दोष दिला नाही. पुढे कित्येक रात्री त्यांनी डोळ्यांत तेल घालून जागून काढल्या आणि मे १९२६ च्या आरंभी त्या बिबळ्याचा शेवट केला. या बिबळ्याने अपराध केला तो माणसाच्या कायद्याविरुद्ध, निसर्गाच्या नव्हे, असे त्यांचे मत होते. म्हणूनच त्या मृत शत्रूकडे पाहताना त्यांच्या मनात द्वेषाचा लवलेशही नव्हता.

ज्यांच्या कानांवर सारे अवलंबून होते, त्यांच्यावर दैवाने आघातही कानावरच केला. १९२९ मध्ये एक मोठी बंदूक कानाजवळ उडाल्याने त्यांच्या कानाचा पडदा फाटला. पुढे तल्ला देस भागात नरभक्षक वाघिणीच्या शोधात असताना तो कान सुजून पिकला. असह्य वेदना होत होत्या, डोळाही सुजेने मिटला होता. तरीही ते रात्री एका झाडावर जाऊन बसले आणि तेथेच तो फोड फुटला. एका कानाने ऐकू येणे मंदावले; पण त्या गावच्या लोकांना दिलेला शब्द त्यांनी सोडला नाही.

त्यांच्या या विद्येची सर्वांत कठीण परीक्षा नोव्हेंबर १९३८ मध्ये झाली. शारदा नदीच्या खोऱ्यात चुका गावाच्या वर ठाक नावाचे लहानसे गाव होते. तेथील वाघिणीच्या भयाने सारे गावकरी घरदार सोडून गेले होते. कॉर्बेट त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचे होते आणि नरभक्षकाच्या मागे लागण्याची ही आपली अखेरची वेळ असे त्यांनी ठरविले होते. सारे उपाय हरले. ठरलेल्या मुदतीचा शेवटचा दिवस, ३० नोव्हेंबर, उजाडला आणि मावळावयास आला. आमिष म्हणून बांधलेल्या दोन शेळ्या सोडून घेऊन कॉर्बेट व त्यांची चार माणसे परत निघण्याच्या बेतात होती. इतक्यात डोंगरमाथ्यावरून वाघिणीची हाक आली. कित्येक दिवसांपासून ती जोडीदार शोधीत होती. कॉर्बेटांनी नर वाघाच्या आवाजात ओ दिली. वाघिणीने उत्तर दिले आणि ती खाली येऊ लागली.

आता परत फिरणे शक्य नव्हते. अंधार पडण्यास अर्धा-पाऊण तासच उरला होता. वाघीण हाकेच्या रोखाने येत होती आणि अंधारात ती माणसांच्या मागे लागली असती, तर चार जणांपैकी कोण वाचला असता हे सांगता येत नाही. तिला प्रकाश असेतोवर समोर आणणे हाच एक मार्ग होता. वाटेच्या कडेला चार फूट उंचीचा एक खडक होता. कॉर्बेट त्याच्या मागच्या अरुंद कंगोऱ्यावर उभे राहिले, कोपरे खडकावर टेकवून त्यांनी बंदूक रोखली आणि माणसांना व शेळ्यांना खाली, आपल्या पायांशी, दडवून बसविले. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा जवळचे. शेवटच्या गर्जनेने तर कानठळ्या बसल्या. अंधूक संधिप्रकाशात वाघिणीचे डोके दिसले. त्यांनी लागोपाठ दोन गोळ्या झाडल्या आणि त्या धक्क्याने ते मागे कोसळून थेट आपल्या माणसांच्या व शेळ्यांच्या अंगावर पडले. वाघीण गतप्राण झाली होती. ठाकच्या लोकांना त्यांची घरे परत मिळाली.

तिच्या अंगावर बंदुकीच्या जुन्या जखमा आढळल्या. चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे दोन सुळे अशाच एका जुन्या गोळीने तुटले होते. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता आणि तिच्या पायात साळिंदराचे काटे रुतून बसले होते. बहुतेक नरभक्षक हे असे जखमी, वृद्ध किंवा लाचार झालेले प्राणी होते आणि अनेकदा त्या जखमा कोणा बेफिकीर शिकाऱ्याने केलेल्या होत्या. वाघ स्वभावतः माणसाचा वैरी नाही, त्याला वैरी बनविण्यात माणसाचाच हात असतो, हे सत्य कॉर्बेटांनी अशा पुराव्यांतून जगापुढे मांडले.

हे जाणल्यावर त्यांच्या हातातील बंदुकीची जागा हळूहळू कॅमेऱ्याने घेतली. वाघांचे चलच्चित्र घेण्यासाठी त्यांनी रानातील एका ओढ्याला बांध घालून लहानसा धबधबा तयार केला. त्यामागे मोठा विचार होता. यंत्राची बारीक घरघरही वाघाच्या कानांना लगेच कळते; पाण्याच्या आवाजात ती बुडून जावी, अशी ही योजना होती. कित्येक आठवड्यांच्या धीराचे फळ म्हणून त्यांना त्या ठिकाणी सात वाघांचे चित्रण करता आले. एकेकाळी वाघाला फसविण्यासाठी आवाज काढणारा मनुष्य आता वाघाला त्रास होऊ नये म्हणून स्वतःचा आवाज लपवू लागला होता. त्यांच्या जीवनातील परिवर्तनाची ही खूण होय.

रानांची बेसुमार तोड आणि शिकाऱ्यांचा हव्यास पाहून त्यांचे मन व्यथित होई. अरण्यरक्षणासाठी त्यांनी व्याख्याने दिली आणि मुलांना रानाची ओळख करून दिली. १९३६ मध्ये रामगंगा नदीच्या खोऱ्यात भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४४ मध्ये त्यांचा ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ हा ग्रंथ मुंबईतून प्रसिद्ध झाला आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली. कालाढूंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचे गाव त्यांनी वसविले होते. तेथील कुळांवर त्यांचे पुत्रवत् प्रेम होते.

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट आपली बहीण मॅगी हिच्यासह केनियात न्येरी येथे राहावयास गेले. तेथेही त्यांनी लेखन सोडले नाही. गरीब ग्रामस्थांच्या कथा आणि रानाची विद्या यांवरील त्यांची पुस्तके तेथूनच बाहेर पडली. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या राष्ट्रीय उद्यानासाठी ते झटले त्याला १९५७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १९७२ मध्ये भारतात झालेल्या गणनेत वाघांची संख्या सुमारे १८०० इतकीच आढळली, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्याचा शुभारंभ कॉर्बेट उद्यानातच झाला आणि पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचाही समावेश होता. २०२२ च्या गणनेनुसार देशात तीन हजारांहून अधिक वाघ आहेत. शिकारीवर तर १९७२ पासूनच कायद्याने बंदी आहे.

कॉर्बेट यांच्या चरित्रातून अनेक गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पण त्यांचे सार एकच आहे. त्यांनी प्रथम ऐकावयास शिकून घेतले आणि मगच ते बोलले. ज्याचा आवाज आपण काढतो त्याचे सुखदुःखही आपल्याला समजले पाहिजे, हे ज्याला कळले तो त्या प्राण्याचा शत्रू राहू शकत नाही. कुमाऊंच्या अरण्यात आजही संध्याकाळी भेकर भुंकते, वानर इशारा देते आणि दूर कोठे वाघ हाक घालतो. ती हाक उद्याच्या पिढीलाही ऐकू यावी, यासाठी आपले कान आणि मन जागे ठेवणे हेच या थोर पुरुषाचे खरे स्मरण होय.